हिरवी गोळी: जस्त मिसळलेला वायबीसीओ करताना नेमकं काय बिनसलं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. यंदा एमएस्सीच्या दोन मुलींनी प्रकल्पासाठी अतिसंवाहक घेतलाय, म्हणजे पुरेसा थंड केला की वीज अजिबात रोध न होता वाहून नेणारा पदार्थ. वायबीसीओ, म्हणजे एक भाग इट्रियम, दोन भाग बेरियम, तीन भाग तांबे आणि सातच्या जवळपास ऑक्सिजन. याचा टीसी, म्हणजे ज्या तापमानाखाली तो अतिसंवाहक होतो ते तापमान, ९२ केल्व्हिनच्या आसपास असतो, त्यामुळे ७७ केल्व्हिनच्या द्रव नायट्रोजनवर भागतं, हेलियम लागत नाही. मुलींना नुसती गोळी करून दाखवायची नव्हती. तांब्याच्या जागी एक, दोन, तीन टक्के जस्त घालायचं आणि टीसी कसा उतरतो ते मोजायचं, असं त्यांनी स्वतः ठरवलं.

पद्धत घन-अवस्थेतली, म्हणजे काहीच वितळवायचं नाही. दर घाण्याला इट्रियम ऑक्साइड १.१२९ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ३.९४७ ग्रॅम, कॉपर ऑक्साइड २.३८६ ग्रॅम. जस्ताच्या घाण्यात तेवढं कॉपर ऑक्साइड कमी करून झिंक ऑक्साइड. अगेटच्या खलात तासभर घोटलं, ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) मुशीत भरून ९२० अंशांना १२ तास ठेवलं. बाहेर काढून पुन्हा घोटलं, पुन्हा १२ तास. मग हायड्रॉलिक प्रेसवर गोळ्या दाबून ९६० ला २४ तास. शेवटी ऑक्सिजनच्या प्रवाहात ४५० अंशांना १२ तास, आणि हळूहळू थंड.

चारही गोळ्या हिरव्या निघाल्या. काळ्याभोर यायला हव्या होत्या, त्या शेवाळासारख्या हिरव्या. कडेला काचेसारखी चकाकी, आणि मुशीच्या तळाला अशा चिकटलेल्या की छिन्नीने सोडवाव्या लागल्या. ज्यात जस्त नाही तीही हिरवी, म्हणजे दोष जस्ताचा नाही. एका मुलीने रात्र रात्र भट्टीजवळ बसून नोंदी ठेवल्यात. ती वही मी तीनदा वाचली, मला चूक सापडत नाही. जाणकारांनी कृपया मदत करावी. दोघींचा उत्साह मावळू नये एवढीच इच्छा आहे.

उंबरठा

ताई, माझा हा विषय नाही, पण धागा आवडला म्हणून विचारतो. दवाखान्यातल्या एमआरआयमध्ये अतिसंवाहक असतो असं ऐकलंय. तो हाच का? आणि जस्त घातल्यावर बिघडणार हे माहीत असताना मुद्दाम का घालायचं?

कृष्णाकाठ

उंबरठा, एमआरआयमध्ये बहुतेक नायोबियम-टायटॅनियमची तार असते, द्रव हेलियममध्ये ४.२ केल्व्हिनला बुडवलेली. तो धातू आहे, त्याची तार ओढता येते. आमचा पदार्थ भाजलेल्या कौलासारखा, वाकवला की तुटतो.

जस्त का, हा प्रश्न मुलींनाही पडला होता, आणि त्याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. डोपिंग, म्हणजे दुसऱ्या अणूंची मुद्दाम केलेली थोडी मिसळ, दोन तऱ्हेचं असतं. लॅन्थॅनम-कॉपर ऑक्साइड मुळात विद्युतरोधक आहे. त्यातल्या लॅन्थॅनमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम बसवलं की इलेक्ट्रॉनांची थोडी कमतरता तयार होते, म्हणजे भार वाहून नेणाऱ्या रिकाम्या जागा मिळतात, आणि रोधकाचा अतिसंवाहक होतो. स्ट्रॉन्शियम ०.१५ च्या आसपास असताना टीसी सर्वांत वर, ३८ केल्व्हिनपर्यंत जातो. हे भार पुरवणारं डोपिंग. जस्ताचं तसं नाही. जस्ताची संयुजा तांब्याएवढीच, दोन. ते भार वाढवतही नाही आणि कमीही करत नाही. फक्त तांब्याच्या जागी जाऊन बसतं, आणि तेवढ्यानेच टीसी कोसळतो. साध्या धातूंच्या अतिसंवाहकात चुंबकीय अणू मिसळले तर घात होतो, चुंबकीय नसलेले फारसं बिघडवत नाहीत. इथे उलटं. जस्त चुंबकीय नाही, तरी ते चुंबकीय निकेलपेक्षा जास्त नुकसान करतं. आणि इट्रियमच्या जागी गॅडोलिनियमसारखा चांगला चुंबकीय अणू अख्खा बसवला तरी टीसी ९२ च्या आसपासच राहतो! म्हणजे खरा खेळ तांबे-ऑक्सिजनच्या पातळ्यांमध्ये चाललाय, इट्रियम तिथे नुसता पाहुणा आहे. एवढं मोठं सत्य चिमूटभर जस्त घालून हाताने पडताळता येतं, म्हणून हा हट्ट.

पाटावरवंटा

कृष्णाकाठ, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिलीत की निदान अर्धं झालंच आहे. माझी नोकरी सिरॅमिकच्या भट्ट्यांपुढे गेली, म्हणून लिहितो.

हिरवा रंग म्हणजे २-१-१: दोन इट्रियम, एक बेरियम, एक तांबे. विद्युतरोधक. तो दिसला की पहिली शंका वजनाची येते. बेरियम कार्बोनेट दमट असेल तर तुम्ही पाणीही तोलता, आणि बेरियम कमी पडतं. दुसरी शंका कच्च्या भाजणीची, कारण १-२-३, म्हणजे तुमचा वायबीसीओ, तयार होण्याच्या वाटेवर २-१-१ मधल्या मुक्कामासारखा येतो आणि भाजणी अपुरी राहिली तर तिथेच थांबतो. पण कच्च्या गोळीला काचेची चकाकी येत नाही आणि ती मुशीला चिकटत नाही. चिकटली याचा अर्थ तिच्यातून द्रव सुटला. १-२-३ हवेत साधारण १०१० ते १०२० अंशांच्या वर टिकत नाही. त्याचा २-१-१ आणि बेरियम-तांब्याचा पातळ रस होतो. रस खाली मुशीत जिरला, हिरवा सांगाडा वर उरला. माझ्या मते तुमची भट्टी ९६० दाखवत होती, पण गोळीपाशी हजाराच्या वर होती.

दोन गोष्टी कळवा. पहिल्या भाजणीआधी आणि नंतर पावडरीचं वजन किती होतं? तुमच्या घाण्यातून कार्बन डायऑक्साइडचे ०.८८ ग्रॅम जायला हवेत. तेवढी घट दिसली तर कार्बोनेट संपलं असं समजा. आणि भट्टीचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, नेमका कुठे आहे?

कृष्णाकाठ

वही काढली. ७.४६ ग्रॅमचे ६.६० झाले, म्हणजे घट ०.८६. बहुतेक कार्बोनेट गेलंय. थर्मोकपल भट्टीच्या मागच्या भिंतीतून आत येतो आणि जेमतेम दोन सेंटिमीटर डोकावतो. मूस आम्ही मधोमध ठेवतो.

पाटावरवंटा

सापडलं असं वाटतंय. भिंतीजवळचा थर्मोकपल भिंतीचं तापमान सांगतो. मधल्या जागेशी त्याचा फरक पडतो, आणि जुन्या थर्मोकपलचं वाचनही सरकतं.

यावर स्वस्तातली परीक्षा आहे. प्रयोगशाळेतलं शुद्ध सोडियम क्लोराइड घ्या (घरचं आयोडीनचं नको), चिमूटभर छोट्या मुशीत घालून वर झाकण ठेवा, आणि जिथे गोळी ठेवता नेमकं तिथेच ठेवा. मीठ ८०१ अंशांना वितळतं. भट्टी ७४० ला लावा, अर्ध्या तासाने थंड करून बघा. दाणे सुटे असतील तर ७६०, मग ७८०, मग ८००. ज्या आकड्याला मिठाची वडी झालेली दिसेल, तिथे खरं तापमान ८०१ पार झालेलं असतं. हातात एक धडधडीत निसर्गाचा आकडा येतो, तो कुठल्याही डिजिटल पाटीपेक्षा भरवशाचा.

गोकर्ण

मी औषधनिर्मितीत होतो, आयुर्वेदिक रसशाळेत. अतिसंवाहकातलं कळत नाही, पण वाचताना हात शिवशिवले. भस्म करताना आमच्याकडे मर्दन आणि पुट यांची आवर्तनं असतात. खलात घोटायचं, चकत्या करायच्या, पुट द्यायचं, काढून पुन्हा घोटायचं. कितीदा, तर परीक्षेला उतरेपर्यंत. तुमचं घोटणं फक्त दोनदा का?

आणि एक व्यवहारातली गोष्ट. एक टक्का जस्त म्हणजे साडेसात ग्रॅममध्ये झिंक ऑक्साइड किती?

कृष्णाकाठ

गोकर्ण काका, २४ मिलिग्रॅम. तीन टक्क्याला ७३.

गोकर्ण

मग ते सरळ सगळ्या पावडरीत टाकून तासभर घोटलं तरी सारखं पसरणार नाही. जहाल औषध थोडं आणि बाकीचं चूर्ण भरपूर असतं तेव्हा आम्ही ते थोड्यात थोडं मिसळतो. आधी २४ मिलिग्रॅममध्ये तेवढंच कॉपर ऑक्साइड घालून घोटायचं. मग त्या मिश्रणाएवढं आणखी. मग दुप्पट झालेल्याएवढं आणखी. सगळं कॉपर ऑक्साइड संपल्यावर बाकीच्या पावडरी. वेळ लागतो, पण शेवटच्या चिमटीतही पहिल्या चिमटीएवढंच औषध असतं. आणि तराजू चौथ्या दशांशापर्यंतचा हवा, नाहीतर २४ चे ३० कधी झाले ते कळायचंही नाही.

पाटावरवंटा

गोकर्ण यांना शंभर टक्के अनुमोदन. हाच या पद्धतीचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

द्रावणात अणू-रेणू पोहत एकमेकांपाशी येतात. इथे तसं काही नाही. भट्टीत दाणे दाणेच राहतात. दोन दाणे जिथे टेकतात तिथे अणू हळूहळू पलीकडे सरकतात आणि सीमेवर नव्या पदार्थाचा थर तयार होतो. तो थर जाड होत गेला की तोच पुढच्या अणूंच्या वाटेत भिंत होतो आणि क्रिया मंदावते. १२ तास ठेवलेला घाणा ४० तास ठेवून फारसा फायदा होत नाही तो यामुळे. पण बाहेर काढून घोटला की ती भिंत फुटते, ताजे पृष्ठभाग समोरासमोर येतात. तासभर घोटणं हे भट्टीतल्या कैक तासांच्या बरोबरीचं आहे. दोनच्या जागी तीन-चार भाजण्या करा, मध्ये प्रत्येक वेळी मनापासून घोटा, ॲसिटोनचे थेंब टाकून ओलं घोटलंत तर आणखी बारीक होईल (खिडक्या उघड्या ठेवून, जवळ ज्योत नको). दर वेळी वजन लिहा. दोन भाजण्यांत वजन बदललं नाही आणि पावडर एकसारखी काळी दिसली तरच गोळ्या दाबा.

इट्रियम ऑक्साइड वापरण्याआधी ९०० अंशांना काही तास भाजून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही धरतं. बेरियम कार्बोनेट १५०-२०० ला वाळवलं तरी पुरे.

आणि गोळी थेट ॲल्युमिनावर ठेवू नका. त्याच घाण्याची पावडर मुशीत अंथरून वर गोळी ठेवा. चिकटण्यापुरतंच हे नाही. ॲल्युमिनियम गोळीत शिरलं तर तांब्याच्या साखळ्यांमधल्या जागा पकडतं, आणि टीसीवर त्याचाही परिणाम होतो. मग तुम्ही जस्ताचा परिणाम मोजताय की मुशीचा, हे सांगता येणार नाही.

सोनचाफा

सुरक्षिततेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बेरियम कार्बोनेट विषारी आहे. क्ष-किरणासाठी पाजतात ते बेरियम सल्फेट, ते विरघळत नाही म्हणून चालतं. कार्बोनेट पोटातल्या आम्लात विरघळतं, आणि तिथेच धोका आहे. मुलींना घोटताना मास्क आणि हातमोजे सक्तीचे करा, त्या टेबलावर जेवणाचा डबा उघडू देऊ नका. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस लागू देऊ नका. आणि द्रव नायट्रोजन बंद खोलीत नको. एका लिटरचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो, तो गुपचूप श्वासातला ऑक्सिजन ढकलून देतो. भांड्याचं तोंड कधीही घट्ट बंद करायचं नाही.

उंबरठा

हा नायट्रोजन मिळतो कुठे पण?

कृष्णाकाठ

दूध उत्पादकांच्या पट्ट्यात राहण्याचा फायदा! जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्यकांड्या द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात. आमच्याकडे दर आठवड्याला तो भरायला गाडी येते, त्यांच्याकडून दोन-चार लिटर मिळतो. गाडीवाल्या दादांनी पहिल्यांदा विचारलं, कॉलेजात गाय पाळली का! आता तेच विचारतात, गोळीवर चुंबक तरंगलं का. (अतिसंवाहक झालेली गोळी चुंबकाला अधांतरी धरते.)

८७ची_बॅच

हा धागा वाचून मला माझं एमएस्सीचं वर्ष आठवलं. १९८६ मध्ये झुरिचजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी लॅन्थॅनम-बेरियम-तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ३० केल्व्हिनच्या वरची अतिसंवाहकता दाखवली. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं. १९८७ च्या सुरुवातीला ह्यूस्टनचे पॉल चू आणि अलाबामाचे मॉ-कुएन वू यांच्या गटांनी इट्रियम घालून ९३ केल्व्हिन गाठलं. १८ मार्च १९८७ ला न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात भौतिकशास्त्रज्ञांची सभा भरली ती पहाटे तीनच्या पुढे चालली. आमच्याकडे बंगळुरूत प्रा. सी. एन. आर. राव यांचा गट त्याच दिवसांत या पदार्थावर काम करत होता, मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्रात) भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या होत्या. आमच्या विभागात कुठलं महागडं यंत्र नव्हतं, पण खल होता, भट्टी होती. तेवढ्यावर जगातल्या सर्वांत ताज्या शोधाला हात लावता येत होता. असं पुन्हा कधी अनुभवलं नाही.

पण ताईंच्या मुलींना मला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. वू-चू यांचा तो पहिला ९३ केल्व्हिनचा नमुना काळा नव्हता. त्यांनी घेतलेलं प्रमाण इट्रियम १.२, बेरियम ०.८, तांबे १ असं होतं, म्हणजे इट्रियम भरपूर जास्त. त्यामुळे नमुना हिरव्या-काळ्याची सरमिसळ होता. हिरवं होतं तेच तुमचं २-१-१, आणि अतिसंवाहक होते ते त्यातले काळे कण. काळ्या कणांचं प्रमाण १-२-३ आहे हे त्यानंतर काही आठवड्यांत उलगडलं. मुलींच्या हातात जी हिरवी गोळी आहे, ती या शोधाच्या पहिल्या गोळीची सख्खी बहीण आहे. ती फेकू नका म्हणावं, लेबल लावून ठेवा.

ध्रुवतारा

मग २०२३ च्या एलके-९९ चं काय? तेही खल आणि भट्टीचंच होतं ना? शिशाच्या ॲपेटाइटमध्ये तांबं घातलेलं. कोरियन गटाने तर सामान्य तापमानाच्याही वरची अतिसंवाहकता सांगितली होती. तिथेही सरमिसळ नमुनाच होता.

पाटावरवंटा

योग्य प्रश्न. तिथे सरमिसळीने फसवलं. शिशाचं ऑक्साइड आणि सल्फेट यांपासून लॅनार्काइट करायचं, तांबं आणि फॉस्फरसपासून कॉपर फॉस्फाइड करायचं, मग दोन्ही निर्वात क्वार्ट्झच्या नळीत ९२५ अंशांना तापवायचं, अशी ती कृती. पण त्यातलं गंधक आणि तांबं एकत्र येऊन कॉपर सल्फाइडही तयार होतं. त्याची रचना साधारण १०० अंश सेल्सियसच्या थोडं वर बदलते आणि रोध एकदम घसरतो. दावा त्या घसरणीवर उभा होता. जर्मनीत स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत शुद्ध स्फटिक वाढवले, ते जांभळट, पारदर्शक आणि विद्युतरोधक निघाले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही नमुना करून पाहिला, अतिसंवाहकता सापडली नाही.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. टीआयएफआरमध्ये इट्रियम-निकेल-बोरॉनच्या नमुन्यात १२ केल्व्हिनच्या आसपास अतिसंवाहकतेची क्षीण खूण दिसली. ती मुख्य पदार्थाची नाही हे त्यांनी ओळखलं, आणि कुणकुण लागली ती नकळत शिरलेल्या कार्बनची. मग कार्बन मुद्दाम घातला, आणि १९९४ मध्ये बोरोकार्बाइड हे अतिसंवाहकांचं नवं कुटुंबच हाती लागलं. ते नमुने भट्टीत नव्हे तर विद्युत ज्योतीत वितळवून केले होते, पण मुद्दा तोच. नमुन्यात काय काय आहे हे विचारत राहिलं तर अशुद्धी शोध देते, न विचारता पुढे गेलं तर तीच गोत्यात आणते.

दर्यावर्दी

मी जपानात अतिसंवाहक तारांच्या कामात आहे, म्हणून हिरव्याच्या बाजूने दोन शब्द. मोठं चुंबक अधांतरी धरणारे वायबीसीओचे ठोकळे करतात त्यात २-१-१ मुद्दाम जास्त घालतात. पदार्थ वितळवून अतिशय सावकाश गोठवतात, आणि हिरवे बारीक कण काळ्या स्फटिकात अडकून राहतात. चुंबकीय रेषा अशा दोषांपाशी खिळून बसतात, म्हणून ठोकळ्यातून मोठा प्रवाह जातो. तुमच्या भाजलेल्या गोळीत दाण्यादाण्यांमधले सांधे कमजोर असतात, तिच्यावर छोटं, हलकं निओडिमियम चुंबकच तरंगेल. तरंगण्याच्या उंचीवरून शुद्धता ठरवू नका.

शिशाच्या डोपिंगचं एक उदाहरण मुलींना आवडेल. बिस्मथ-स्ट्रॉन्शियम-कॅल्शियम-तांब्याच्या ऑक्साइडचा ११० केल्व्हिनचा प्रकार शुद्ध करणं महाकठीण होतं, ८५ चा प्रकार सारखा मध्ये यायचा. बिस्मथच्या जागी थोडं शिसं घातलं आणि ८५० अंशांच्या जवळपास शंभर-शंभर तास भाजलं तेव्हा ११० चा प्रकार जमू लागला. त्याची पावडर चांदीच्या नळीत भरून, ओढून, चपटी करून पट्ट्या करतात. चांदीच का? कारण तापलेल्या चांदीतून ऑक्सिजन आरपार जातो. आत बंद असलेला पदार्थ चांदीतून श्वास घेतो! अशा पट्ट्या सर्नच्या मोठ्या कण-त्वरकात चुंबकांना वीज पोचवणाऱ्या जोडण्यांमध्ये बसवल्या आहेत.

कृष्णाकाठ

आठवड्याने येतेय. मिठाची परीक्षा केली. ७४० ला दाणे सुटे. ७६० ला कडक वडी! म्हणजे त्या जागी भट्टी निदान ४० अंश पुढे आहे, आणि वरच्या तापमानाला फरक आणखी वाढत असणार. पाटावरवंटा सर, तुमचं निदान तंतोतंत. वही बरोबर होती, पाटीवरचा आकडा खोटा होता. रात्री जागलेल्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता नवा थर्मोकपल थेट मुशीशेजारी आणलाय. सगळं पहिल्यापासून सुरू केलंय: थोड्यात थोडं मिसळणं, चार भाजण्या, पावडरीची गादी, आणि गोळ्या खऱ्या ९४० ला.

पाटावरवंटा

उत्तम. ऑक्सिजनच्या पायरीला घाई करू नका. भट्टीतून येते ती गोळी चौकोनी रचनेची, तिच्यात ऑक्सिजन सहाच्या जवळ असतो आणि ती अतिसंवाहक नसते. थंड होताना ती ऑक्सिजन आत ओढून घेते, साखळ्या भरतात आणि रचना किंचित लांबट होते. ऑक्सिजन ६.९ च्या वर गेला तर टीसी नव्वदीत, ६.६ च्या आसपास अडकला तर ६० केल्व्हिन. म्हणजे ऑक्सिजन हेही डोपिंगच आहे. त्यामुळे चारही गोळ्या एकाच वेळी, शेजारी शेजारी ऑक्सिजनमध्ये ठेवा. वेगवेगळ्या दिवशी ठेवल्या आणि एखादीचा टीसी पडला, तर दोष जस्ताचा की अपुऱ्या ऑक्सिजनचा, हे कधीच कळणार नाही.

कृष्णाकाठ

मंडळी, जमलं!

चारही गोळ्या काळ्या. विद्यापीठातून एक्सआरडी करून आणला, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखण्याची तपासणी. ३२.५ ते ३३ अंशांमध्ये जोडशिखर स्पष्ट आलंय, ३० च्या आसपासची हिरव्याची शिखरं दिसत नाहीत. काल सकाळी थर्मोकोलच्या पेल्यात जस्त नसलेली गोळी ठेवून नायट्रोजन ओतला. उकळी शांत झाल्यावर मुलीने प्लास्टिकच्या चिमट्याने चुंबक सोडलं, ते अधांतरी राहिलं. बोटाने हलवलं तर स्वतःभोवती फिरत राहिलं. प्रयोगशाळेचे मामाही उभे होते, त्यांनी चुंबकाखालून कागदाची पट्टी सरकवून बघितली. एक टक्क्याच्या गोळीवर चुंबक जेमतेम उचललं गेलं. दोन आणि तीन टक्क्यांच्या गोळ्यांवर ते नुसतं बसून राहिलं. दिसायला चारही सारख्या, शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत.

ध्रुवतारा

अभिनंदन! म्हणजे दोन टक्क्यांपासून अतिसंवाहकता संपली तर.

दर्यावर्दी

तसं लिहू नका अहवालात. ७७ केल्व्हिनला तरंगली नाही, एवढंच सिद्ध झालंय. तिचा टीसी ७० असेल तर ती ७७ ला सामान्यच असणार. चार तारांनी रोध मोजा: बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह, आतल्या दोन तारांवर व्होल्टेज, म्हणजे जोडणीचा रोध मोजमापात येत नाही. दर वाचनाला प्रवाहाची दिशा उलटी करून सरासरी घ्या, नाहीतर तापमानातल्या फरकाने तयार होणारं व्होल्टेज मिसळतं. तापमानाला पीटी-१०० (प्लॅटिनमचा तापमान-मापक) गोळीला चिकटवून लावा, नायट्रोजनमध्ये तो २० ओहमच्या जवळ वाचन देईल. आणि निर्वात पंप असेल तर नायट्रोजनवरची वाफ ओढून घेत तो ६३ केल्व्हिनपर्यंत थंड करता येतो, त्यानंतर तो गोठतो. दोन टक्क्यांची गोळी त्या टापूत सापडायला हवी.

कृष्णाकाठ

चार तारांचं मोजमाप झालं. जस्त नसलेलीचा रोध ९२ ला घसरायला लागून ८९ ला शून्य. एक टक्का: ७९ ला शून्य. दोन टक्के: ७७ पर्यंत शून्य नाही, पण शेवटच्या काही अंशांत वक्र खाली वळताना दिसतो. तीन टक्के: रोध थंडीबरोबर सावकाश कमी होतो, बाकी काही नाही. दर्यावर्दी, तुमचं म्हणणं पटलं. अहवालात "७७ केल्व्हिनपर्यंत अतिसंवाहक अवस्था आढळली नाही" असंच लिहिलंय. शेजारच्या महाविद्यालयाने निर्वात पंप दोन दिवसांसाठी द्यायचं कबूल केलंय.

एक शंका मात्र आहे. नायट्रोजनमधून काढल्यावर गोळीवर दहिवर जमतं आणि ती ओलीचिंब होते. पंप मिळेपर्यंत जून उजाडेल. गोळ्या टिकतील ना?

पाटावरवंटा

बरं झालं विचारलंत. वायबीसीओला पाणी सोसत नाही. ओलाव्याने बेरियम सुटून बाहेर येतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी बुरशीसारखी साय पृष्ठभागावर धरते, आणि मागे उरतं ते कॉपर ऑक्साइड आणि पुन्हा तेच हिरवं २-१-१. नायट्रोजनमधून काढलेली गोळी उघडी ठेवू नका. लगेच सुक्या डब्यात टाका म्हणजे दहिवर धरायला दमट हवाच मिळणार नाही, किंवा दिव्याखाली धरून पूर्ण कोरडी होईपर्यंत हलवू नका. मग सिलिका जेलसह डेसिकेटरमध्ये. पावसाळ्यात जेल आठवड्याला तपासा, निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये वाळवून परत घाला. चांदीच्या पेंटने चिकटवलेले तारांचे जोड मात्र काढू नका, पंपाच्या दिवशी तेच लागतील.

कृष्णाकाठ

आजच डेसिकेटरमध्ये ठेवल्या. चार काळ्या गोळ्या खालच्या जाळीवर, आणि ८७ची_बॅच यांनी सांगितल्याप्रमाणे पहिली हिरवी वेगळ्या बाटलीत, तारखेचं लेबल लावून. पंप आला की कळवते.